मालतीच्या मैत्रिणी

प्रेमाच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या बाईकडे आपल्याकडे जरा हसूनच पाहिलं जातं. चरित्र वाचणारी हुशार, पोथी वाचणारी सात्त्विक आणि प्रेमकथा वाचणारी रिकामटेकडी, अशी वाटणी घराघरांत ठरलेली. त्यात दोघीचौघी मिळून त्या कादंबरीवर बोलायला बसल्या तर मग विचारूच नका. मला मात्र वाटतं, प्रेमकथा एकटीनं वाचून मिटवून ठेवायची चीजच नव्हे. मैत्रिणीला सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. हे मी पदरचं सांगत नाही. आमच्याच मुलखातल्या एका कवीनं साडेबाराशे-तेराशे वर्षांपूर्वी दहा अंकांचं एक रूपक याच पायावर उभं केलं. कवी भवभूती आणि रूपकाचं नाव ‘मालतीमाधव’.

आमच्या मुलखातला म्हणते त्याला आधार आहे. विदर्भातलं पद्मपूर हे आपल्या घराण्याचं गाव, असं भवभूतीनं प्रस्तावनेतच सांगून ठेवलं आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मते हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर. आमगाव आज गोंदिया जिल्ह्यात येतं, पण १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत तो सगळा पट्टा आमच्या भंडारा जिल्ह्यातच होता. आमगावच्या महाविद्यालयाला नावही भवभूतीचंच आहे. कवी पुढे कनौजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला गेला, हे कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’वरून कळतं. पण नाटकातला नायक माधव हा विदर्भातल्या कुंडिनपूरचाच मुलगा. शिकायला म्हणून परगावी, पद्मावती नगरीत गेलेला. ही पद्मावती म्हणजे ग्वाल्हेरजवळचं पवाया, असं अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्याकडचा पोरगा शिकायला उत्तरेत गेला आणि तिथं मंत्र्याच्या मुलीच्या प्रेमात पडला, अशी ही गोष्ट.

भंडाऱ्यात आमचा वाचणाऱ्या मैत्रिणींचा एक लहानसा गट आहे. एक साकोलीच्या शाळेत शिकवते, एक तुमसरला घरच्या राइस मिलचा हिशेब सांभाळते, एक लाखनीला बँकेत आहे. सगळ्यांत मोठ्या आहेत त्या मराठीच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना आम्ही सगळ्याच ‘बाई’ म्हणतो. रिवाज असा, की जिनं कादंबरी वाचली तिनं ती सांगायची आणि बाकीच्यांनी उलटतपासणी घ्यायची. “खूप रडले” एवढ्यावर सुटका नाही. कुठल्या पानावर रडलीस आणि काहून रडलीस, तेही सांगावं लागतं.

गेल्या काही महिन्यांत बरीच पुस्तकं या तपासणीतून गेली. साकोलीवालीनं विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ वाचली. १९३९ सालची ही कादंबरी आणि लेखक जन्मानं अमरावतीचे. युरोपातून परतणारा चक्रधर विध्वंस आणि हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेली ज्यू तरुणी हॅर्टा, दोघांची बोटीवर गाठ पडते. साकोलीवालीचं म्हणणं, की हॅर्टाच्या वाट्याला प्रेम आलं, पण ते जिच्याजवळ बोलावं अशी मैत्रीण आली नाही. जे बोलायचं ते त्याच्याचपाशी आणि तो उतरून गेल्यावर पत्रांतून. तुमसरवाली सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ घेऊन आली. तिच्या मते त्यात प्रेम दुय्यम, खरी गोष्ट कट्ट्याची. प्रेमात पडलेल्या पोराला हसायला, सावरायला, प्रसंगी चार शिव्या घालायला कट्टा आहे म्हणून ती कादंबरी तरली. लाखनीवालीनं गौरी देशपांडे यांचं ‘एकेक पान गळावया’ वाचलं. त्यातली ‘कारावासातून पत्रे’ तिला एवढी लागली की पुढचं वाचायला तिनं वेळच घेतला. बाईंनी चंद्रकांत काकोडकरांचा विषय काढला. त्यांच्या पिढीत काकोडकर भाड्याच्या वाचनालयातून यायचे आणि पदराआडून घरात शिरायचे. १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये न्यायालयानं ती कथा अश्लील नाही असा निकाल दिला. बाई म्हणाल्या, “आम्ही लपून वाचत होतो ते मोठमोठ्या न्यायमूर्तींनाही बसून वाचावं लागलं बघा.”

यातल्या बहुतेक पुस्तकांत एक धागा सारखा दिसत होता. प्रेम करणाऱ्याला कुणीतरी ऐकणारं हवं असतं. कुणाला कट्टा मिळतो, कुणी कागद जवळ करतं, कुणाला काहीच मिळत नाही. तेव्हा बाईंनी ‘मालतीमाधव’ पुढे केलं. आधी सगळ्यांनी नाकं मुरडली. संस्कृत, त्यातून नाटक, त्यातून दहा अंक! एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री राजवाडे यांनी ते मराठीत आणलं होतं आणि रा. गो. भांडारकरांनी १८७६ मध्ये जगद्धराच्या टीकेसह त्याची चिकित्सक आवृत्ती काढली होती, हे सांगूनही कुणी हललं नाही. मग बाईंनी युक्ती केली. त्या म्हणाल्या, नाटक म्हणून ऐकूच नका, कादंबरी म्हणून ऐका.

ते म्हणणं खोटं नाही. संस्कृत नाट्यशास्त्रात नाटकाची कथा पुराणेतिहासातली, प्रसिद्ध असायची. ‘प्रकरण’ या प्रकारात मात्र कथा कवीनं स्वतः रचायची आणि पात्रं राजेरजवाड्यांऐवजी मंत्री, ब्राह्मण, व्यापारी यांच्या घरची घ्यायची. ‘मालतीमाधव’ हे असं प्रकरण आहे. गुंतागुंतीचं कथानक, जोडीला उपकथानकं, शहरातलं जगणं, तरुण मुलंमुली आणि त्यांच्या लग्नावरून आईबापांचं राजकारण. एका प्रेमकथेच्या आत मालती-माधव, मदयंतिका-मकरंद आणि सेवकवर्गातली मंदारिका-कलहंस अशा तीन जोड्या. कादंबरीला लागणारा सगळा ऐवज इथं आहे. हे प्रकरण कालप्रियनाथाच्या यात्रेत खेळलं जात आहे, असं प्रस्तावनेत सांगितलं आहे. भाऊबीजेनंतर गावोगावच्या मंडईत रात्रभर झाडीपट्टीची नाटकं बघत वाढलेल्या आम्हाला यात्रेतल्या दहा अंकांचं नवल वाटायचं कारण नव्हतं. पहाटेपर्यंत बसायची सवय आहेच.

आता नाटकात शिरू. प्रेमकथेची सुरुवात म्हणजे नायक-नायिकेची दृष्टभेट, ही आपली अपेक्षा. भवभूती ती थेट दाखवतच नाही. पडदा उघडतो तेव्हा समोर असते कामंदकी ही वृद्ध बौद्ध भिक्षुणी आणि तिची शिष्या अवलोकिता. दोघींच्या बोलण्यातून आपल्याला कळतं, की मालती गच्चीलगतच्या खिडकीतून रस्त्यानं जाणाऱ्या माधवाला वरचेवर पाहते आणि झुरते. हे कामंदकीला कळलं लवंगिकेकडून. लवंगिका म्हणजे मालतीची दूधबहीण आणि जिवाभावाची मैत्रीण. मन रमवायला मालतीनं माधवाचं चित्र काढलं आणि तेही लवंगिकेनं मंदारिकेच्या हाती दिलं. बघा, नायिका रंगमंचावर यायची आहे आणि तिचं प्रेम तोवर तीन बायकांच्या तोंडून फिरून आलं! आपल्यापर्यंत ते पोचतं तेच मुळी ऐकीव गोष्ट म्हणून. साकोलीवाली इथं म्हणाली, “म्हणजे आपण आत्ता जे करून राहिलो तेच की हे.” तेच.

माधवाचंही तसंच. मदनोद्यानातल्या उत्सवात त्यानं मालतीला पाहिलं, पण तो प्रसंग आपण पाहत नाही. माधव तो आपल्या मित्राला, मकरंदाला, सांगतो तेव्हा ऐकतो. सांगताना तो अडखळतो, मकरंद खोदून खोदून विचारतो. प्रेम घडून गेलं आहे, पण आपल्याला प्रेम झालं आहे हे माधवाला उमगतं ते मित्रापुढे शब्द शोधताना. भवभूतीची ही पहिली सूक्ष्म जागा. दृष्टभेट रंगमंचावर दाखवली असती तर आपण दोन सुंदर माणसं पाहिली असती. ती मित्राला सांगितली म्हणून आपल्याला एक गोंधळलेलं मन पाहायला मिळतं.

याच प्रसंगातल्या बकुळीच्या माळेपाशी आमची बैठक बराच वेळ थांबली. देवळाच्या अंगणात पडलेली बकुळीची फुलं वेचून माधव माळ गुंफत बसलेला असतो. तेवढ्यात मालती सख्यांसह येते. जाताना लवंगिका माधवाकडे ती माळ मालतीसाठी मागते. आता गंमत अशी, की माळ जवळपास झालेली असते, पण मालती नजरेसमोर आल्यावर माधवाचे हात भलतीकडेच चालतात आणि माळेचा एक भाग वेडावाकडा गुंफला जातो. दुसऱ्या अंकात माळ मालतीच्या हाती पडते तेव्हा तिला पहिल्यांदा दिसतं काय, तर हीच एक बाजू नीट साधलेली नाही. लवंगिका लगेच तिला पकडते. या बिघाडाला जबाबदार तूच आहेस, असं ती मालतीला सुनावते.

एका साध्या वस्तूवर किती काम करून घेतलं आहे! नीट गुंफलेल्या भागातून कळतं की मुलगा कुशल आहे. बिघडलेल्या भागातून कळतं की तो कुणाकडे तरी पाहत होता. प्रेमाचा पुरावा हाताच्या चुकीत ठेवायचा, ही कल्पना सुचणं हीच मोठी गोष्ट. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की चूक मालतीच्या डोळ्यांना दिसते आणि तिचा अर्थ लवंगिका लावते. मालती स्वतःहून तो अर्थ लावायला धजली नसती. आपल्यासाठी कुणाचा हात चुकला असेल, हे स्वतःशी कबूल करणं अवघड असतं. मैत्रीण मोठ्यानं म्हणाली, की मग त्यावर विश्वास बसतो. चांगलं रसग्रहण करणारा वाचक तरी याहून वेगळं काय करतो? लेखकाचा हात जिथं अडखळला तिथंच बोट ठेवून तो म्हणतो, इथं बघा, इथं तो गुंतला होता.

दुसऱ्या अंकात गोष्टीला धार चढते. राजाला आपल्या मर्जीतल्या नंदनासाठी मालती हवी आहे. तिचे वडील भूरिवसू राजाचे मंत्री. ते राजाला असं उत्तर देतात, की महाराजांची आपल्या कन्येवर सत्ता आहेच. राजा समजतो होकार मिळाला. नीट ऐकलं तर त्यात होकार नाहीच. महाराजांची सत्ता महाराजांच्या मुलीवर, मंत्र्याच्या मुलीवर नव्हे. मुरलेल्या कारभाऱ्याचं उत्तर आहे ते, सही न करता शिक्का उमटवणारं. मालतीला मात्र आतला डाव ठाऊक नाही. तिला एवढंच कळतं, की बापाला राजाची मर्जी मोठी आणि लेक लहान. हे ती एका वाक्यात बोलून जाते आणि ते वाक्य नाटकातल्या साऱ्या विलापांहून जास्त बोचतं. तुमसरवाली तिथं बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, “शिकलेल्या घरातबी हेच चालते.”

अशा वेळी कामंदकी येते आणि मला ‘मालतीमाधव’चा गाभा वाटतो तो प्रसंग घडतो. मालती खचलेली आहे, लवंगिका घाबरलेली आहे. कामंदकी उपदेश करत नाही. ती सहज आठवल्यासारखं करून जुन्या प्रेमकथांची नावं घेते. शकुंतलेनं दुष्यंताला आपलं मन दिलं. उर्वशी पुरूरव्यावर भाळली. वासवदत्तेला बापानं संजय राजाला देऊ केलं होतं, तरी तिनं स्वतःला उदयनाच्या हाती सोपवलं. एवढं सांगून ती लगेच पुस्ती जोडते, की हे सगळं धाडसाचं काम, असा सल्ला काही आपण देणार नाही.

ही पुस्तीच खरी मख्खी. सल्ला देणार नाही म्हणता म्हणता सगळा सल्ला देऊन झाला. तिन्ही गोष्टींची निवडही पाहण्यासारखी आहे. पहिलीत मुलीनं घरच्यांना न विचारता वर निवडला. दुसरीत ती अप्सरा, तिला कुणाची आडकाठी नाही. तिसरीत बापानं ठरवलेलं स्थळ समोर असताना मुलीनं ते मोडलं, म्हणजे हुबेहूब मालतीचाच प्रसंग. कामंदकी पायरीपायरीनं मालतीला तिच्या स्वतःच्या गोष्टीपाशी आणून सोडते. चारशे पानांच्या कादंबरीवर बोलताना आपणही हेच करतो. “तिनं त्याला सोडायला नको होतं,” असं आपण पात्राविषयी म्हणतो, पण समोर बसलेल्या मैत्रिणीच्या घरी काय चाललं आहे हे मनात ठेवून म्हणतो. जे थेट बोलता येत नाही ते शकुंतलेच्या नावानं बोलता येतं, हॅर्टाच्या नावानं बोलता येतं. प्रेमकथेवरच्या गप्पा रिकामटेकड्या नसतात त्या यासाठी. पूर्वीच्या कुणी काय निवडलं हे चारचौघींत बोलूनच मुलगी स्वतःला काय निवडता येईल याचा अंदाज घेते.

कामंदकी हे पात्रच विलक्षण आहे. संन्यास घेतलेली बाई लग्नं जुळवत फिरते. मालती, लवंगिका प्राकृत बोलतात, कामंदकी संस्कृत बोलते, कारण ती विद्वान आहे. भूरिवसू आणि माधवाचे वडील देवरात एकत्र शिकले तेव्हा त्यांचा सगळा काळ तिनं पाहिलेला आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि ब्राह्मी लेखांसह प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. ते भवभूतीच्या कितीतरी आधीचे. तरीही वैनगंगेच्या काठी बौद्ध धर्म एवढा रुजलेला होता हे ठाऊक असलं, की विदर्भातल्या ब्राह्मण कवीनं आपल्या गोष्टीची सूत्रं भिक्षुणीच्या हाती दिली याकडे जरा निराळ्या आदरानं पाहता येतं. सूत्रं हा शब्द अक्षरशः खरा आहे. प्रस्तावनेत सूत्रधारच सांगतो, की कामंदकीची भूमिका आपण स्वतः करणार. नाटक चालवणारा आणि नाटकातला डाव चालवणारी एकच.

यावर आमच्यात बराच वाद झाला. लाखनीवालीचा आक्षेप रास्त होता. मालती आणि माधव यांचं लग्न व्हावं, असं त्यांच्या वडिलांचं विद्यार्थिदशेतच ठरलं होतं आणि तेही कामंदकीच्या साक्षीनं. राजा आडवा आला म्हणून भूरिवसूला उघड काही करता येईना. मग कामंदकीनं असा घाट घातला, की मुलांनी आपणहून पळून जाऊन लग्न केलं असं दिसावं. “म्हणजे बंड कुठं आहे? पोरांनी निवडलं ते बापांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. हे तर प्रेमविवाहाच्या पुडीत बांधलेलं ठरवून केलेलं लग्न!” पुस्तकाला एवढा कडक शेरा तिनं याआधी दिला नव्हता.

बाईंनी याला दिलेलं उत्तर मला पटलं. कट बापांना ठाऊक आहे, कामंदकीला ठाऊक आहे, शेवटी आपल्यालाही कळतो. मालतीला तो ठाऊक नाही. तिच्यापुरतं तर राजा, बाप आणि कुळाचा लौकिक सगळे विरोधातच आहेत. त्या अंधारात तिनं जे पाऊल टाकलं त्याची किंमत तिनं पुरेपूर मोजली. शेवट गोड झाला म्हणून आधीची भीती खोटी ठरत नाही. मी त्यात एवढीच भर घालीन, की भवभूतीनं कट लपवून न ठेवता आपल्याला दाखवला यातच त्याची हुशारी आहे. समाज प्रेमाला मान्यता देतो तेव्हा आपली सोय पाहूनच देतो, हे तो जाणून होता.

सहाव्या अंकात हाच धागा टोकाला जातो. नंदनाशी लग्न लागायच्या आधी मालतीला देवळात आणतात. तिच्या मनात मरणाचे विचार. गाभाऱ्यात ती लवंगिकेशी बोलते. मी गेल्यावर त्यांना जप, माझी आठवण राहू दे, असं निरवानिरवीचं बोलणं. माधव आडोशाला उभा राहून ऐकतो आहे. मालती लवंगिकेच्या पाया पडते तेव्हा लवंगिका हळूच बाजूला होते आणि तिच्या जागी माधव येऊन उभा राहतो. मालती मैत्रीण समजून त्याला मिठी मारते. आजचा स्पर्श वेगळा का लागतो, असं तिला वाटतंही. मग ती गळ्यातली तीच बकुळीची माळ काढते आणि मालतीच समजून ही सांभाळ असं सांगत मैत्रिणीच्या म्हणून त्याच्या गळ्यात घालते. घातल्यावर तिला कळतं आणि ती दचकून मागे सरते.

वराच्या गळ्यात घातलेली माळ म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायला नको. स्वयंवर होऊन गेलं आणि वधूला पत्ता नाही. मला याहून महत्त्वाची वाटते ती माळेची वाट. माधवानं गुंफलेली माळ लवंगिकेच्या हातून मालतीकडे गेली आणि लवंगिकेला म्हणून दिलेली ती माधवाकडे परत आली. दोन्ही खेपांना मध्ये मैत्रीण आहे. जी गोष्ट मालतीला माधवाला तोंडावर कधीच सांगता आली नसती, ती तिनं मैत्रिणीला सांगितली आणि ऐकली मात्र ज्यानं ऐकायची त्यानं. सातव्या अंकात भवभूती हाच डाव उलटून विनोदासाठी खेळतो. मालतीच्या वेषात नंदनाशी लग्न लावलेला मकरंद पांघरूण घेऊन निजलेला आहे. नवऱ्याला झिडकारणाऱ्या वहिनीला चार शब्द सुनवावेत म्हणून नंदनाची बहीण मदयंतिका तिथं येते. नव्या नवरीशी पुरुषानं हळुवार वागावं, असा कामशास्त्राचा दाखला मैत्रिणींच्या बोलण्यात येतो आणि बोलता बोलता मदयंतिका मकरंदावरचं आपलं प्रेम कबूल करून बसते. तो हातभर अंतरावर पांघरुणाखाली! साकोलीवालीला हसू आवरेना. एकाच युक्तीनं एकदा रडवायचं आणि एकदा हसवायचं, हे मोठ्या कथाकाराचंच काम.

सगळं सारख्याच उंचीचं आहे असं मात्र नाही. पाचव्या अंकात हताश माधव स्मशानात जाऊन पिशाचांना मांस विकायला निघतो. तिथंच अघोरघंट हा कापालिक चामुंडेला मालतीचा बळी द्यायला सज्ज असतो आणि माधव तिला सोडवतो. वर्णन जबरदस्त आहे, पण दोघींना ते वाचवेना. नवव्या अंकात अघोरघंटाच्या शिष्येनं, कपालकुंडलेनं, पळवलेल्या मालतीसाठी माधव विंध्याच्या रानात ढगाला, जनावरांना विचारत फिरतो. तो विलाप फार लांबतो. कालिदासाच्या पुरूरव्याची आठवण येते आणि ती भवभूतीच्या फायद्याची ठरत नाही. भवभूतीच्या नाटकात विदूषक नसतो, त्यामुळे श्वास घ्यायला जागा कमी. पल्लेदार समासांनी गद्यही जड होतं. योगायोग तर इतके, की आजच्या मालिकांनाही लाज वाटावी. पण या पडत्या जागांतही एक गोष्ट टिकून राहते. रानात माधवाबरोबर मकरंद असतोच. मित्र वाचत नाही असं वाटल्यावर मकरंद स्वतः जीव द्यायला निघतो आणि सौदामिनी, म्हणजे कामंदकीच्या जुन्या वर्तुळातलीच एक बाई, येऊन त्याला थांबवते. मालतीला सुखरूप आणतेही तीच. प्रेमिकांना प्रेमानं वाचवलं नाही. वाचवलं ते मित्रमैत्रिणींनी.

प्रस्तावनेत भवभूतीनं टीकाकारांना उत्तर देऊन ठेवलं आहे. आपल्याला नावं ठेवणाऱ्यांसाठी हा खटाटोप नाही, आपल्यासारख्याच मनाचा कुणी समानधर्मा कधीतरी, कुठंतरी जन्माला येईल, कारण काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे, अशा आशयाचं ते आहे. पंडित या श्लोकात कवीचा अभिमान वाचतात. मला त्यात एक साधी गरजही दिसते. आपली गोष्ट ऐकणारं कुणीतरी हवं, ही मालतीची गरज कवीलाही आहे. तिला लवंगिका मिळाली. कवी आपली लवंगिका वाचकांत शोधतो आहे.

म्हणून माझा कौल सांगते. उत्तम प्रेमकथांच्या यादीत ‘मालतीमाधव’ला मी भवभूतीच्याच ‘उत्तररामचरिता’च्या खाली ठेवीन. पण मैत्रीच्या कथांमध्ये मात्र त्याच्या वर बसणारं फारसं काही माझ्या वाचनात नाही. वाचायला घ्याल तर दुसऱ्या अंकापासून घ्या. सहावा आणि सातवा लागोपाठ वाचा आणि मग पहिल्याकडे वळा. पाचवा धीर असेल तर वाचा आणि नववा दुसऱ्या वाचनाला ठेवा. मराठी अनुवाद जुन्या वाचनालयांत कपाटाच्या तळाशी मिळण्याची शक्यता आहे. तिथल्या ग्रंथपालाला शोधायला लावा. आणि एक विनंती, हे पुस्तक एकटीनं वाचू नका. आधी मैत्रीण गाठा.